ईजीआर साफ करण्याचे पैसे घेतले आणि ईजीआर बंद करून दिला

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही वायू इंजिनात परत सोडणारी झडप) साफ केल्याचे बिल लावून प्रत्यक्षात तो मला न विचारता बंद केल्याबद्दल, आणि त्याच कारणावरून पुढे वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

महोदय,

मी नाशिकला राहतो. २०२१ साली आपल्या येथील अधिकृत विक्रेत्याकडून मी बीएस-६ (प्रदूषणाच्या भारत स्टेज-६ मर्यादा पाळणारी) डिझेल गाडी घेतली. एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे गाडी घेतानाच भरले आणि तिची मुदत अजून संपलेली नाही. आजवरची प्रत्येक सर्व्हिसिंग त्याच विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये झाली आहे. बाहेरच्या कोणत्याही मेकॅनिकने या गाडीच्या इंजिनाला हात लावलेला नाही. हे सुरुवातीलाच लिहितो, कारण आता सगळा वाद त्यावरच येऊन थांबला आहे.

गेल्या पावसाळ्यात मुंबईहून परत येताना कसारा घाटात गाडीची ताकद अचानक गेली. चेक इंजिनचा दिवा लागला, गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन जपण्यासाठी ताकद आपोआप कमी होते त्या स्थितीत) गेली आणि मागे ट्रकांची रांग लावत आम्ही कसेबसे इगतपुरी गाठले. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावल्यावर पी-०४०१ हा कोड आला, म्हणजे ईजीआरमधून जेवढा वायू जायला हवा तेवढा जात नाही. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने व्हॉल्व्हमध्ये कार्बन साचल्याचे सांगितले, आणि कार्बन साचणे हा देखभालीचा भाग असल्याने वॉरंटीत बसत नाही असेही सांगितले. माझी हरकत नव्हती. घर ते सातपूर एमआयडीसी एवढाच गाडीचा रोजचा प्रवास, इंजिन पुरते तापायच्या आत बंद होते. अशा वापरात काजळी आणि इंजिनातून येणारी तेलाची वाफ मिळून व्हॉल्व्हमध्ये डांबरासारखा थर बसतो, हे मला पटले. मी साफसफाईला होकार दिला. जॉब कार्डवर 'ईजीआर क्लीनिंग' असे लिहिले गेले, बिलावरही तेच आले, आणि मी ६,८०० रुपये भरून गाडी घरी आणली.

गाडी चांगली चालू लागली. पिकअप पूर्वीपेक्षा बरा वाटत होता, दिवा पुन्हा लागला नाही. शंका घेण्याचे काही कारणच नव्हते.

यंदा कामानिमित्त ठाण्याला असताना सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ घेऊ लागली आणि उभ्या गाडीत इंजिन थरथरू लागले. तिथल्या आपल्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवली. एका इंजेक्टरमध्ये (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) दोष निघाला. इंजेक्टर माझ्या वॉरंटीत येतो, म्हणून त्यांनी नियमाप्रमाणे ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या संगणकाची) माहिती कंपनीकडे पाठवली. ईसीयूमधील सॉफ्टवेअरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीतील क्रमांकाशी जुळत नाही, असे उत्तर आले. मग त्यांनी ईजीआरचा पाइप माझ्यासमोर खोलला.

पाइपाच्या जोडावर दोन गॅस्केटांच्या (जोडातून गळती होऊ नये म्हणून घालतात त्या पट्ट्यांच्या) मध्ये पत्र्याची एक प्लेट बसवलेली होती. तिच्यावर पार्ट नंबर नाही, कंपनीची खूण नाही. कडा ग्राइंडरने कापलेल्या, बोल्टाची भोके थोडी तिरकी, आणि एका बाजूला कापण्याआधी मार्करने मारलेली निळी रेघ अजून दिसत होती. पुढची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. व्हॉल्व्ह ज्या बोल्टांनी बसतो त्यांवर कारखान्यात मारलेली पिवळ्या रंगाची खूण अखंड होती. व्हॉल्व्ह एकदा जरी काढला असता तर ती खूण तुटली असती. म्हणजे ज्याच्या साफसफाईचे पैसे मी भरले, तो व्हॉल्व्ह कोणी उघडलासुद्धा नाही. माझे बिल पुन्हा काढून पाहिले तर त्यात गॅस्केटची ओळही नाही. व्हॉल्व्ह काढून साफ करायचा तर गॅस्केट नवे घालावे लागते, हे आपल्या कोणत्याही मेकॅनिकला ठाऊक आहे. पत्र्याने वाट बंद केली, आणि वाट बंद झाल्याचे ईसीयूला कळून दिवा लागू नये म्हणून सॉफ्टवेअर बदलले. साफसफाईच्या नावाखाली एवढेच काम झाले.

प्लेटचे फोटो काढून ठाण्याच्या सेंटरने ती परत बसवली आणि जॉब कार्डवर लिहिले : 'अनधिकृत बदल आढळल्याने वॉरंटी लागू नाही.' इंजेक्टरचे पूर्ण पैसे मला भरावे लागले. आपल्याच अधिकृत वर्कशॉपने केलेला बदल आपल्याच दुसऱ्या वर्कशॉपने अनधिकृत ठरवला आणि दोन्हींचा भुर्दंड माझ्यावर पडला.

नाशिकला परतल्यावर मी वर्कशॉपच्या मॅनेजरांना भेटलो. त्यांनी नाकारले नाही, याची मी इथे नोंद करतो. ते म्हणाले, "साहेब, साफ केला तरी सहा महिन्यांत परत चोक होतो, म्हणून कायमचा बंदोबस्त करून दिला. गाडी पळते की नाही ते सांगा. आणि पीयूसीला काही अडचण येत नाही."

या बोलण्याचा मला सर्वात जास्त राग आला आहे, त्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर देतो.

ईजीआर गाडीला ताकद देण्यासाठी नसतोच. एक्झॉस्टमधला काही वायू परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा आत घेण्याच्या वाटेत, सोडून तो सिलिंडरमधील ज्वलनाचे तापमान खाली ठेवतो. तापमान वाढले की हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइड तयार होतात. तेच रोखण्यासाठी हा व्हॉल्व्ह आहे. बीएस-४ मध्ये डिझेल मोटारीला या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती ०.०८ ग्रॅमवर आली. या मर्यादेत बसणारी गाडी म्हणून आपण ती मला विकलीत आणि त्यापायी वाढलेली किंमत मी भरली. पत्र्याच्या एका तुकड्याने ते सगळे निकामी झाले.

राहिला पीयूसीचा प्रश्न. डिझेल गाडीच्या पीयूसीत रेस देऊन धुराची घनता मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइड मोजतच नाहीत. ईजीआर बंद केल्यावर काजळी उलट कमी होते, म्हणून अशी गाडी पीयूसीत आरामात पास होते. मॅनेजरांना हे पक्के माहीत आहे आणि त्याच भरवशावर हे काम चालते. शिवाय ईजीआर जोरात पळणाऱ्या गाडीत जवळजवळ मिटलेला असतो. तो उघडतो ते कमी वेगात, अर्ध्या दाबलेल्या अ‍ॅक्सिलरेटरवर, म्हणजे नेमके शहरातल्या रहदारीत. तो बंद केल्याने सर्वात जास्त विषारी वायू कुठे सुटत असेल तर माझ्या मुलीच्या शाळेच्या फाटकाशी, जिथे सकाळी डिझेल गाड्यांची रांग इंजिन सुरू ठेवून उभी असते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमासाठी हवा मानकांत न बसणारी शहरे निवडली गेली, त्या यादीत नाशिकही आले. त्या हवेत माझ्या गाडीने इतके महिने भर घातली आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. याची किंमत कोणत्याही बिलात मांडता येणार नाही.

कायद्याची बाजूही आपल्या निदर्शनास आणतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-क (182A) बदलून नव्याने घातले गेले. वाहनात नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विक्रेत्याने असा बदल केला तर दर गाडीमागे १ लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. उद्या आरटीओने गाडी तपासली तर पहिला जबाब मलाच द्यावा लागेल. तसेच न केलेल्या कामाचे बिल लावणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे.

साफसफाई करूनही व्हॉल्व्ह वारंवार चोक होतो, हे मॅनेजरांचे म्हणणे खरे असेल तर तो आपल्या गाडीच्या रचनेचा प्रश्न आहे आणि आपण तो ग्राहकांपुढे मांडला पाहिजे. रोज थोडेच अंतर जाणाऱ्याला डिझेल विकताना शोरूममध्ये कोणी हे सांगत नाही, अधूनमधून गाडी हायवेला मोकळी पळवा एवढेसुद्धा नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रदूषण चाचणीला फसवणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रकरण उघडकीला आले, तेव्हा भारतातही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावाव्या लागल्या. प्रदूषणाच्या यंत्रणेशी सॉफ्टवेअरने केलेला खेळ किती महागात पडतो, हे आपल्या क्षेत्रातील कोणालाही नव्याने सांगायला नको.

माझी मुख्य मागणी गाडी मूळ स्थितीत आणून देण्याची आहे, आणि तीही आपल्या खर्चाने. पत्र्याची प्लेट माझ्यासमोर काढून माझ्या ताब्यात द्यावी. ईसीयूमध्ये कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर घालावे. व्हॉल्व्ह, ईजीआर कूलर आणि इनटेक मॅनिफोल्ड प्रत्यक्ष काढून साफ करावेत, नवी गॅस्केट घालावीत, व्हॉल्व्हचे अ‍ॅडॅप्टेशन (ईसीयूशी जुळवणी) स्कॅनरवर करून त्याचा छापील रिपोर्ट द्यावा. व्हॉल्व्ह निकामी झालेला आढळला तर नवा बसवावा, कारण इतके महिने तो बंद ठेवला गेला आहे. हे काम त्या वर्कशॉपमध्ये होऊ नये. कंपनीच्या अभियंत्याच्या देखरेखीखाली दुसरीकडे व्हावे आणि तोवर मला दुसरी गाडी मिळावी, कारण ही गाडी मी आता शहरात चालवू इच्छित नाही.

क्लीनिंगचे ६,८०० रुपये आणि इंजेक्टरचा पूर्ण खर्च परत मिळावा. माझी वॉरंटी अबाधित असल्याचे कंपनीच्या लेटरहेडवर लिहून मिळावे, आणि 'अनधिकृत बदल' ही नोंद माझ्या गाडीच्या इतिहासातून काढून तो बदल कोणत्या वर्कशॉपने केला हे तिथे लिहिले जावे. पुढे गाडी विकताना ती नोंद माझ्या नावावर राहता कामा नये.

आणखी एक मागणी, जिच्यात माझा आर्थिक फायदा काही नाही. त्या वर्कशॉपमध्ये 'ईजीआर क्लीनिंग' या नावाने बिल झालेल्या सर्व गाड्या आपण बोलावून तपासाव्यात. हाताने कापलेली प्लेट आणि तयार सॉफ्टवेअर एका गाडीपुरते कोणी करून ठेवत नाही. त्या मालकांनाही आपल्या गाडीत काय बसवले आहे हे माहीत नसणार.

दोन्ही जॉब कार्डे, बिले, प्लेटचे व बोल्टांवरील खुणेचे फोटो आणि वॉरंटीची प्रत सोबत जोडली आहे. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावे. न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन, नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करीन आणि हीच कागदपत्रे प्रादेशिक परिवहन कार्यालयाला देईन. वर्कशॉपमधून 'आपसांत मिटवू' असे फोन येत आहेत. ते थांबवावेत. यापुढचे बोलणे कंपनीशी आणि कागदावरच होईल.

आपला ग्राहक,
नाशिक