जनरेटर लपवू नकोस

पंचवटी, नाशिक

चि. सायली,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, जनरेटर फार बोंबलतो. निखिल म्हणतोय, प्लायवूडची पेटी करून तो कॅम्पर गाडीच्या मागे बसवून टाकू." मी नुसतं "बघू" म्हणालो आणि फोन आईकडे दिला. पण रात्री झोप लागली नाही. पेटी करू नका. निखिलरावांना सांग, सासऱ्याने मोटारी रिवाइंड करण्यात पस्तीस वर्षं घालवलीत, एवढं एक ऐका.

ते इंजिन हवेवर थंड होतं. पेटीत कोंडलं की उकडून निघेल. पण इंजिन गेलं तर नवं आणता येतं, माझी भीती दुसरीच आहे. पेट्रोल जळून जो कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. ठसका लागत नाही की डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. आणि तुमची गाडी म्हणजे झोपायचीच जागा.

तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. २००५ साल, भारनियमनाचे दिवस. तू पहिलीत होतीस, शाळा सुटली की तुला थेट दुकानात आणायचो. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा तो छोटा जनरेटर आठवतो? फुटपाथवर ठेवला की शेजारी कटकट करायचे. म्हणून एक दिवस तो मागच्या बोळात, आपल्या खिडकीखाली नेला आणि वरून ओली पोती टाकली. आवाज निम्मा झाला. मी स्वतःवरच खूश. तासाभराने तू बाकावर आडवी झालीस. मला वाटलं, दमली पोर. मग माझंच कपाळ ठणकायला लागलं, हातातला पेचकस दोनदा पडला, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. तुला उचललं आणि पंचवटी कारंजापर्यंत पळत सुटलो. तिथे तू भडाभडा ओकलीस आणि थोड्या वेळाने लिंबू-सोडा मागितलास. तो सोडा पिताना तुझ्याकडे बघत मी किती वेळ उभा होतो, मला सांगता येणार नाही.

तेव्हापासून माझा एकच हिशोब आहे : जनरेटरचा आवाज दाबायचा नाही, दूर न्यायचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो आणि धूरही तेवढाच लांब जातो. गाडीपासून वीस फूट ही कमीत कमी हद्द, तीस-चाळीस फूट उत्तम. सायलेन्सरचं तोंड गाडीकडे नको आणि शेजारच्या तंबूकडेही नको. वारा फिरला की जनरेटरही फिरवायचा. त्या बाजूच्या खिडक्या बंद. खाली जुनं रबरी पायपुसणं घाला, पत्र्यावर किंवा फळीवर ठेवलात तर सगळं थरथरत बसेल. आणि गाडीत झोपायच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. धुराचा किंवा एलपीजीचा अलार्म या कामाचा नाही, दुकानदार काहीही म्हणो.

एवढ्या लांबून केबल आणायची तर तीन कोरची, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची आणा. दहा अँपियर ओढले तरी पन्नास फुटांत जेमतेम दोन-तीन व्होल्ट पडतात. मात्र ड्रमवर गुंडाळलेली ठेवून लोड टाकू नका. पूर्ण उलगडा, नाहीतर आतल्या आत वितळते. अशा काळा गठ्ठा झालेल्या केबल मी डझनाने पाहिल्यात.

तुमचा इन्व्हर्टर जनरेटर आहे ही चांगली गोष्ट. जुन्या पद्धतीचा पन्नास हर्ट्झसाठी लोड असो-नसो तीन हजार आरपीएमवरच किंचाळतो. तुमचा लोड कमी झाला की मंदावतो, म्हणजे कमी मागाल तेवढा गप्प राहील. इंडक्शन शेगडी घरी ठेवा, स्वयंपाक गॅसवर. छतावरचा एसी सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट खेचतो, तेव्हा इंजिनाला मंद ठेवणारा इको स्विच बंद ठेवा, नाहीतर इंजिन वेग घेईपर्यंत ट्रिप होईल. शिवाय आपलं नाशिकच समुद्रसपाटीपासून जवळपास सहाशे मीटरवर आहे, तुम्ही जाताय तो भंडारदऱ्याचा भाग आणखी वर. दर तीनशे मीटरला इंजिन साधारण तीन टक्के ताकद सोडतं. डब्यावरच्या वॅटवर विसंबू नका.

पेट्रोल भरायचं ते बंद करून, पंधरा-वीस मिनिटं निवल्यावर. कॅन गाडीच्या आत नको.

तुम्ही जूनच्या तोंडावर काजवे बघायला घाटघरकडे जाणार म्हणता. अंधार आणि शांतता सोडून तिथे काय बघायचं असतं? दुपारी बॅटरी भरून घ्या. बारा व्होल्टच्या, शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत बाराशे वॅट-तास असतात, तीस वॅटचा पंखा आठ तासांत त्यातले दोनशे चाळीस खातो. जनरेटर झोपायच्या कितीतरी आधी बंद. तसाही रहिवासी भागात रात्री दहा ते सहा पंचेचाळीस डेसिबलचा नियम आहे, आणि काजव्यांना तर नियमही माहीत नसतात. वळीव आला तर मात्र मोह होईल की तो गाडीच्या छत्रीखाली ओढावा. तेव्हा नुसता बंद करा. भिजल्या अंगाने बसलात तर सर्दी होईल, एवढंच.

जनरेटरच्या सॉकेटमध्ये टेस्टर दोन्ही पिनांना पेटतो म्हणालीस ना, त्याला न्यूट्रल तरंगता आहे म्हणतात, म्हणजे तो जमिनीशी जोडलेला नाही. अशा वेळी गाडीतला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडेलच याची खात्री नसते. त्या वायरिंगला हात लावू नका. शनिवारी इकडे येताय तेव्हा मी बघतो, ऑइलही तपासतो. अलार्म मी मेनरोडवरून आणून ठेवतो.

तुझा,
बाबा

ता. क. लिंबू-सोड्याचं आईला बोलू नकोस. तिला अजून वाटतं, त्या दिवशी मी तुला भेळ चारली होती.