सहावी ते आठवीचा खेळाचा तास मुलांना परत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या वर्षाची वेळापत्रके शाळाशाळांत लागली आहेत. माझी नात सातवीत आहे. तिच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाच्या तासिका छापलेल्या आहेत, पण त्यांतल्या बहुतेक गणिताच्या जादा सरावात जातात. ओळखीच्या पालकांना विचारले, तर बहुतेक ठिकाणी हेच ऐकू येते. माझी सारी नोकरी पाचवी ते सातवीच्या वर्गांवर झाली. त्या अनुभवावरून सांगते, या वयाच्या मुलांचा खेळाचा तास काढून घेणे अन्यायाचे आहे.

तान्हेपणानंतर शरीर पुन्हा एवढ्या झपाट्याने वाढते ते याच वयात. मुलींची उंची साधारण दहाव्या-अकराव्या वर्षी भराभर वाढू लागते, मुलांची त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. सहावीच्या रांगेत मुली उंच दिसतात त्या यामुळेच. हातपाय आधी लांबतात, धड मागून येते. मूल अडखळते, हातातले पाडते आणि घरी बोलणी खाते. त्या बदललेल्या अंगाला सरावायला धावणे, उड्या मारणे, पडणे आणि उठणे हवे असते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा, क्लास आणि गृहपाठ यांतून हा तास कुठून काढायचा?

अभ्यासासाठीच तर खेळाचा तास घेतो, असे शिक्षक म्हणतात. त्यांच्यावर निकालाचा दबाव असतो, हे मी जाणते. पण अकरा-बारा वर्षांचे मूल ‘असे झाले तर काय होईल’ याचा मनातल्या मनात अधिक नीट विचार करू लागते. सहावीत ऋण संख्या आणि समीकरणे येतात ती त्याच सुमारास. ही बुद्धी मैदानावरही घडते. खो-खोत खो कोणाला द्यायचा, धावक खांबाकडे वळणार की मधूनच निसटणार, हे क्षणात ठरवावे लागते. मग फाऊल झाला की नाही यावर वाद होतो. नियम सगळ्यांना सारखा हवा, हे मुले त्या वादात शिकतात. चिडलेल्या मित्राला समजावून पुन्हा खेळात आणणे हेही तिथेच शिकतात. नागरिकशास्त्राच्या धड्याने मी हे कधी साधू शकले नाही.

मला सर्वांत जास्त काळजी मुलींची वाटते. पाचवीत खो-खोत कुणाच्या हाती न लागणारी मुलगी सातवीत मैदानाच्या कडेला बसलेली मी पुन:पुन्हा पाहिली आहे. पाळी सुरू झालेली असते, पण शाळेत पॅड बदलायला आडोसा नसतो, पाणी नसते. गणवेश धावण्याजोगा नसतो. घरून ‘आता मोठी झालीस’ असे बजावलेले असते. अशा वेळी खेळाचा तासच नसला, तर ती मुलगी मैदानावर परतण्याची उरलीसुरली वाटही बंद होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. तिचा सत्कार आपण हौसेने पाहिला, मग आपल्या मुलीला मैदानावर पाठवायला का कचरतो?

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला, तो चांगलाच होता. पण वयात येताना झोप उशिराच लागू लागते. पहाटे उठवल्या जाणाऱ्या सातवी-आठवीच्या मुलांचाही विचार व्हायला हवा.

खेळाच्या तासासाठी नवा कायदा करायला नको. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टातच प्रत्येक शाळेला मैदान असावे असे म्हटले आहे. सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, द्यायचे आहेत. हे निदेशक जूनमध्येच शाळेत हवेत. ते नसले की तास ‘मोकळा’ ठरतो आणि ज्याचा अभ्यासक्रम मागे पडला आहे तो विषय तिथे येऊन बसतो.

शासकीय आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. या सदस्यांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत सहावी ते आठवीचे वेळापत्रक मागून घ्या, गेल्या महिन्यात खेळाच्या किती तासिका खरोखर मैदानावर झाल्या ते विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, हे त्याच दिवशी स्वतः जाऊन बघा.

– एक निवृत्त शिक्षिका, कराड