स्टँडवरच्या नळालाही रजिस्टर हवे : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त आरोग्यसेविका. सगळी नोकरी खानदेशात झाली आणि त्यातली बरीचशी लाल डब्यात बसून झाली. टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर टाकली का, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते पाहायची चाचणी) घेतली का, रजिस्टरवर सही कुणाची, हे गावोगावच्या विहिरींवर आणि टाक्यांवर विचारण्यात माझी वर्षे गेली. त्याच सवयीने हे पत्र लिहिते आहे.

गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधीची गोष्ट. आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी निघतात, त्यामुळे स्टँडवर बायामुलांचीच गर्दी. दुपारचा दीड वाजलेला, अंगाची नुसती लाही होत होती. एक लेकुरवाळी नळाकडे गेली, तोटी फिरवली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "पानी गरम शे व माय," म्हणत तिने ओल्या बोटांनी पोराचे तोंड तेवढे पुसले. टाकी वर उघड्या उन्हात. नळाखालचा हौद गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी लाल. तोटी हौदाच्या काठाला इतकी टेकलेली की माझी स्टीलची बाटली खाली उभीच राहीना. आडवी धरली तर अर्धीच भरायची.

नोकरी संपली तरी ओटीची छोटी बाटली आणि काचेची नळी माझ्या पिशवीत असते. नळीत पाणी घेतले, थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. मी थांबले, नळी उजेडाकडे धरून पाहिली. रंग आला नाही. ते पाणी ओतून दिले आणि त्या बाईला सांगितले, पोराला हे पाजू नको. तिने रुमालाची गाठ सोडली, वीस रुपये मोजले आणि समोरच्या टपरीवरून बाटली आणली.

महोदय, १७ मार्च २०२३ पासून बाईमाणसाला एस.टी.चे तिकीट अर्धे झाले. गोरगरीब बाया त्यामुळे माहेरी, दवाखान्यात, बाजाराला जाऊ लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या दिवशी तिचे वाचलेले पैसे बाटलीत गेले. आमच्या गावच्या आरओवर, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रावर, पाच रुपयांच्या नाण्यात वीस लिटरचा जार भरतो. स्टँडवर एका लिटरला वीस रुपये.

त्या स्थानकाचे नाव मी लिहीत नाही. तिथल्या वाहतूक नियंत्रकाला नोटीस काढून हा प्रश्न सुटायचा नाही. खरी अडचण अशी की त्या नळाला धनीच नाही. गावात पाण्यासाठी जलसुरक्षक असतो. पावसाळ्याआधी आणि नंतर सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल, म्हणजे धोक्याचे, कार्ड मिळाले की सरपंचापासून ग्रामसेवकापर्यंत सगळे हलतात. दोन-चारशे उंबऱ्यांच्या गावाला एवढी शिस्त लागते आणि रोज हजारो माणसे जिथे उतरतात त्या स्टँडच्या टाकीत शेवटची पावडर कधी पडली, हे मी विचारले तर कुणाला सांगता येत नाही. काही ठिकाणी कुणीतरी आई-वडिलांच्या स्मरणार्थ कूलर बसवून दिलेला असतो. त्यावर दात्याचे नाव ठळक असते, पण फिल्टर कधी बदलला ती तारीख कुठेच नसते. पूर्वी चैत्र लागला की पाणपोया सुरू व्हायच्या, रांजणांना लाल फडके गुंडाळलेले असायचे. तिथे रोज रांजण घासणारा, ओगराळ्याने पाणी वाढणारा माणूस बसलेला असे. लोक निर्धास्तपणे पाणी प्यायचे ते त्या माणसाच्या भरवशावर.

प्लास्टिकचे म्हणाल तर २०१८ साली राज्याने बंदी आणली, १ जुलै २०२२ पासून केंद्राने काड्या, कप, चमचे बंद केले. एक लिटरची पाण्याची बाटली दोन्हींतून सुटली. एस.टी.चे 'नाथजल'सुद्धा बाटलीतूनच मिळते. पण बाटली उद्यापासून बंद करा, असे मी म्हणणार नाही. नळाची खात्री नसताना बाटली काढून घेतली तर तेच लेकरू गॅस्ट्रोने सलाईनवर जाईल. आधी नळ सुधारा. घरून बाटली आणणारे आजही पुष्कळ आहेत. दोन-तीन तासांत ती रिकामी होते आणि मग भरवशाचे पाणी कुठे मिळेल हे माहीत नसते, म्हणून ते विकत घेतात. रिकामी बाटली खिडकीतून बाहेर जाते, नाहीतर स्टँडमागच्या नाल्यात. पहिला जोराचा पाऊस ती पांझरेला, गिरणेला नेऊन पोचवतो.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. प्रत्येक स्टँडवर एका कर्मचाऱ्याच्या नावावर पाण्याची जबाबदारी द्या. रोज सकाळी ओटी टेस्ट आणि तिची नोंद नळाशेजारच्या फळ्यावर, टाकी धुतल्याच्या तारखेसकट. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, हे भारतीय मानक आहे आणि ते बघायला दोन मिनिटेही लागत नाहीत. दर महिन्याला पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जावा. तोटी बाटली उभी राहील एवढी उंच लावा, टाकीवर छप्पर घाला. हायवेवरच्या ज्या हॉटेलांना आपण एस.टी.चा थांबा देता, त्यांच्या करारात बाटली भरून घेण्यासाठी फुकट, तपासलेले पाणी ही अट घाला. तिथे वीस मिनिटे गाडी उभी असते, माणूस दुसरीकडे जाणार कुठे?

सुरुवात जळगाव आणि धुळे या दोन विभागांपासून करा. नंदुरबारही त्यातच येते. मेमध्ये पारा ४५च्या पुढे जातो अशा भागात जे टिकेल ते राज्यभर टिकेल.

आखाजीला आम्ही पितरांच्या नावाने घागर भरतो. पुढच्या आखाजीला मीही माहेरी निघेन, चार स्टँड बदलत. पिशवीत स्टीलची बाटली आणि ओटीची नळी असेल. चारही ठिकाणी नळीत काय रंग आला, ते आपल्याला पत्राने कळवीन.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका