परदेशी निघताना लॅपटॉपविषयी: चि. मृण्मयीस पत्र

लक्ष्मीनगर, नागपूर
१४ सप्टेंबर

चि. मृण्मयी हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझी मोठी बॅग भरून झाली, मसाल्याचे डबे आणि स्वेटर यांचे वजन आपण दोनदा करून पाहिले. पण ज्या एका वस्तूवर तुझा जर्मनीतील आखेनमधील सगळा अभ्यास उभा राहणार आहे, त्या लॅपटॉपविषयी आपले बोलणे राहूनच गेले. समोर बसवून सांगू लागले की तू "हो आई, माहीत आहे" म्हणतेस आणि विषय तिथेच संपतो, म्हणून हे लिहून देते आहे. यातील निम्मी कामे निघण्यापूर्वी घरीच करायची आहेत, तेव्हा पत्र प्रवासासाठी राखून न ठेवता आजच वाच.

माझ्या हरवलेल्या वहीची गोष्ट तुला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे, पण ती मी कधी पूर्ण सांगितलेली नाही. १९९४ साली मी पीएच.डी.चे काम करत होते. काटोलकडील शेतांमध्ये सलग दोन खरीप हंगाम मी कपाशीवरील बोंडअळीची मोजणी केली होती. झाडागणिक पात्या, फुले, बोंडे आणि अळ्या यांचे आकडे एका जाड वहीत उतरवलेले होते. मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून ती वही घेऊन मी रात्रीच्या गाडीने पुण्याला निघाले. कपड्यांची सूटकेस मी बर्थखाली साखळीने बांधली, कुलूप दोनदा ओढून पाहिले आणि वहीची कापडी पिशवी, कागद कोण नेणार या विचाराने, खिडकीजवळच्या हुकाला अडकवली. पहाटे सूटकेस जागेवर होती आणि पिशवी नव्हती. ज्याने ती नेली त्याला त्या आकड्यांचा काहीही उपयोग नव्हता, आणि मला मात्र पुन्हा एक पूर्ण हंगाम त्याच शेतांत उभे राहावे लागले. जे बाजारात परत मिळते त्याला मी कुलूप लावले होते आणि जे कुठेच मिळत नाही ते उघड्यावर टांगले होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. त्यानंतर प्रत्येक नोंद मी कार्बन लावून लिहिली आणि खालची प्रत आजीच्या घरी ठेवली.

तुझ्याही बाबतीत मला याच चुकीची भीती वाटते. यंत्र गेले तर पैसे जातील, आणि ते दुःख आपण सोसू. पण नाग नदीच्या पूरपातळ्यांचे तुझे दोन वर्षांचे काम त्यातच अडकलेले असेल, आणि तुझी ईमेल, बँक व विद्यापीठाची खाती त्यातून कुणालाही उघडता येत असतील, तर गेलेले यंत्र हा त्या चोरीचा सर्वांत लहान भाग ठरेल.

लॅपटॉप सुरू करताना तू पासवर्ड टाकतेस, त्यामुळे तो सुरक्षित आहे असे तुला वाटते. तसे नाही. आतील डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की, डिस्क सांकेतिक रूपात नसेल तर, त्या पासवर्डाला न विचारता सगळ्या फायली वाचता येतात. म्हणून विंडोजमधील बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्क सांकेतिक रूपात ठेवणारी सोय, चालू आहे की नाही हे सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ते चालू असेल तर तुझी ४८ आकडी रिकव्हरी की शोधून कागदावर छापून घे. यंत्रात काही बदल झाला, दुरुस्ती झाली किंवा एखादे अद्ययावतीकरण बिनसले, तर लॅपटॉप ती मागू शकतो, आणि त्या क्षणी ती हाताशी नसेल तर तुझ्याच फायली तुलाच बंद होतील. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते हे खरे, पण त्या खात्यात शिरण्यासाठी फोनवर येणारा कोड लागत असेल आणि फोनही हरवला असेल तर काय, याचा विचार आधी करायला हवा. आणखी एक सवय लावून घे. झाकण मिटून यंत्र केवळ झोपलेल्या अवस्थेत असते तेव्हा त्या संकेताची किल्ली त्याच्या स्मृतीत जिवंतच असते. म्हणून विमानतळावर, गाडीत किंवा हॉटेलच्या खोलीत यंत्र ठेवून जाताना ते पूर्णपणे बंद करावे.

आता फोनविषयी, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. तुझ्या जवळपास प्रत्येक खात्याचे दुसरे कुलूप तुझ्या नागपूरच्या मोबाइल क्रमांकाला बांधलेले आहे. बँकेचा ओटीपी त्यावर येतो, ईमेलचा कोडही त्यावरच येतो. लॅपटॉप आणि फोन एकाच पिशवीत असले आणि ती पिशवी गेली, तर परक्या गावात तुला तुझे स्वतःचे ईमेलही उघडता येणार नाही, आणि नेमके ईमेल उघडल्याशिवाय बाकी कोणतेच खाते सावरता येत नाही. म्हणून फोन कायम अंगावर, जाकिटाच्या आतल्या चेन असलेल्या खिशात असावा. आपल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी चालू करून घे, आणि तिथले सिम घेतले तरी हे सिम बंद पडू देऊ नकोस. गुगलच्या खात्यात, फोन हाताशी नसताना वापरायला, बॅकअप कोड म्हणून प्रत्येकी ८ आकड्यांचे १० कोड मिळतात, त्यांतील प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून एक प्रत मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेव आणि दुसरी मला दे. कोणता कोड कोणत्या खात्याचा, हे त्या कागदावर लिहू नकोस. ते आपल्या दोघींना ठाऊक असले की पुरे.

प्रतींबद्दल सांगताना मला अंबाझरीची रात्र आठवल्याशिवाय राहत नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, २२ आणि २३ तारखेच्या मधल्या रात्री, काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तुझ्या अभ्यासाचा विषयच तो आहे, तेव्हा त्याबद्दल मी अधिक सांगायला नको. पण मामाच्या घरी काय झाले ते आठव. त्याने लॅपटॉपमधील सगळे फोटो आणि हिशेब मोठ्या काळजीने वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवले होते, आणि ती डिस्क लॅपटॉपच्याच टेबलाच्या खणात होती. पाणी दोन्हींवरून गेले. प्रत होती, पण ती मूळ वस्तूशेजारीच होती.

तेव्हा तुझ्या कामाची एक प्रत इथे घरी राहील, एक मोठ्या बॅगेत जाईल आणि एक इंटरनेटवरील साठवणीत असेल. बॅगेतील डिस्कही सांकेतिक रूपात असू दे, कारण हरवलेल्या डिस्कला साधा पासवर्डही नसतो. इंटरनेटवरील साठवणीबाबत एक गैरसमज तुझ्याही मनात आहे असे मला वाटते. गुगल ड्राइव्हसारखी जागा लॅपटॉपशी जुळवलेली असली की लॅपटॉपवर चुकून पुसलेली फाइल तिथूनही नाहीशी होते. काही दिवस ती कचऱ्याच्या कप्प्यात सापडते, पण नंतर तीही आशा उरत नाही. त्यामुळे जुळवलेली जागा ही प्रत मानू नकोस. दर महिन्याला एक वेगळे, न बदलणारे फोल्डर तयार करून तिथे चढव. आणि घेतलेल्या प्रतीतील पाच-सहा फायली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याखेरीज प्रत घेतली असे म्हणू नकोस. माझ्या कार्बन प्रतींपैकी काही पाने इतकी पुसट निघाली होती की ती वाचताच येत नव्हती, आणि ते मी तीन महिन्यांनी पाहिले.

प्रवासाच्या दिवशी लॅपटॉप आणि पॉवर बँक दोन्ही हातातील पिशवीत हवीत. सुटी लिथियम बॅटरी सामानाच्या कप्प्यात जाणाऱ्या बॅगेत ठेवायला मनाईच आहे, कारण ती पेटली तर तिथे ती विझवायला कुणी नसते. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक विमान कंपनीच्या खास परवानगीशिवाय हातातील सामानात नेता येते. तुझी २०,००० मिलिअँपिअर-तासांची आहे आणि ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ती ७४ वॉट-तास भरते, तेव्हा त्याची चिंता नाही. मात्र विमान भरलेले असले की दारापाशी एखादा कर्मचारी हातातील बॅगही खाली पाठवायला सांगतो. अशा वेळी गडबडून बॅग तशीच देऊ नकोस; लॅपटॉप, पॉवर बँक, औषधे आणि कागदपत्रे आधी बाहेर काढून घे. त्यासाठी एक घडीची कापडी पिशवी बाहेरच्या कप्प्यात ठेवली आहे.

सुरक्षा तपासणीत लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावा लागतो, आणि माझ्या पाहण्यात गोंधळ तिथेच होतो. तुझी अंगतपासणी होण्यापूर्वी ट्रे पुढे निघून जातो, आणि पलीकडे एकाच रंगाचे, एकाच आकाराचे चार लॅपटॉप रांगेत पडलेले असतात. पुढची रांग मोकळी होईपर्यंत ट्रे पट्ट्यावर सरकवू नकोस. झाकणावर एखादे ठळक चित्र चिकटव, म्हणजे कुणी चुकूनही तुझा उचलणार नाही.

फ्रँकफर्टला विमानतळालाच लागून लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्यांचे स्थानक आहे, तिथून तू पुढे जाशील. रात्रभराच्या प्रवासानंतर डोळे मिटू लागतील, आणि नेमकी तीच वेळ जपायची आहे. मोठी बॅग सामानाच्या जागी ठेव, पण लॅपटॉपची पिशवी वरच्या फळीवर किंवा शेजारच्या आसनावर न ठेवता मांडीवर घे आणि तिचा पट्टा हाताभोवती गुंडाळ. स्थानकावर गाडी थांबलेली असताना कुणी खिडकीवर टकटक करून काही विचारले, नकाशा पुढे केला किंवा अंगावर काही सांडवले, तर आधी पिशवीवर हात ठेव आणि मग त्याच्याकडे पाहा. दारे बंद होण्याच्या आतच चोर उतरून जातो. पासपोर्ट आणि प्रवेशाची पत्रे या पिशवीत ठेवू नकोस. चोराचे लक्ष सर्वांत आधी लॅपटॉपच्या पिशवीवर जाते, हे लक्षात घेऊन ती कागदपत्रे कमरेच्या पाकिटात असू दे.

विजेची काळजी करू नकोस. तिथेही आपल्यासारखाच २३० व्होल्टचा पुरवठा आहे. फक्त आपली जाड तीन पिनांची प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही. चार्जरच्या ठोकळ्यापासून भिंतीपर्यंत जाणारी केबल सुटी असते, तेवढीच तिथे विकत घे. डगमगणाऱ्या अ‍ॅडॉप्टरपेक्षा ते बरे. हिवाळ्यात बाहेरच्या गारठ्यातून उबदार खोलीत आल्याबरोबर यंत्र उघडू नकोस, कारण थंड धातूवर दमट हवेचे थेंब धरतात. अर्धा-पाऊण तास ते पिशवीतच राहू दे.

विद्यापीठात एज्युरोम नावाचे वायफायचे जाळे आहे. ते विद्यापीठाने दिलेल्या सोयीनेच यंत्रात बसव. हाताने नाव टाकून जोडलेस तर खोट्या जाळ्याला तुझा पासवर्ड जाण्याची शक्यता राहते. कॅफेतील वायफायवर पान उघडताना प्रमाणपत्राची चेतावणी आली, म्हणजे ते पान खरे असल्याची खात्री पटत नसल्याची सूचना आली, तर पुढे न जाता ते पान बंद कर. ग्रंथालयात पाणी प्यायला उठतानाही लॅपटॉप टेबलावर सोडू नकोस. सगळेच तसे सोडून जातात असे तुला दिसेल, आणि तरीही तू तसे करू नकोस.

इतके करूनही तो गेलाच, तर घाबरून आधी आम्हाला कळवायचे की नाही याचा विचार करत बसू नकोस. रात्र असो की पहाट, फोन कर. माझ्याकडे कोड असतील, आणि ईमेलचा पासवर्ड बदलून सगळ्या यंत्रांवरून त्या खात्यातून बाहेर पडण्याचे काम इथून आपण फोनवर मिळून करू. पाठोपाठ बँक आणि विद्यापीठाचे संगणक केंद्र. मग पोलिसांकडे नोंद कर. जर्मनीत त्यांचा क्रमांक ११० आहे आणि संपूर्ण युरोपात संकटकाळी ११२ चालतो. नोंदीची प्रत घे, कारण तिच्यावाचून विमा सहसा पैसे देत नाही, आणि यंत्राचा अनुक्रमांक व बिल त्यासाठी लागेल. हरवलेले यंत्र शोधण्याची सोय तू चालू ठेवली असशील आणि नकाशावर एखादे घर दिसले, तर तिथे एकटी किंवा मैत्रिणींना घेऊनही जाऊ नकोस. तो पत्ता पोलिसांना दे. यावर मात्र मी तुझे काहीही ऐकणार नाही. परत न मिळालेल्या यंत्रासाठी मी तुला एक शब्दही बोलणार नाही, हे आजच लिहून देते.

बाबांनी सीताबर्डीहून दोन डिस्क आणून ठेवल्या आहेत. बिलाचा आणि यंत्राच्या पाठीवरील अनुक्रमांकाचा फोटो उद्या माझ्या ईमेलवर पाठव. रविवारी जेवण झाल्यावर आपण दोघी बसू, दोन्ही प्रती माझ्या यंत्रावर उघडून पाहू, आणि घरी राहणारी डिस्क, ४८ आकड्यांचा कागद व कोड एका पाकिटात घालून लोखंडी कपाटात माझ्या कार्बनच्या वह्यांशेजारी ठेवू.

तुझी,
आई