स्टेंटनंतरची ‘नसांची गोळी’: आधी रक्त तपासा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या दवाबाजारात किंवा आमच्या राजेंद्र नगरातल्या एखाद्या औषधांच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर ‘अँजिओप्लास्टी झाली आहे, हातापायांना मुंग्या येतात, नसांची एखादी चांगली गोळी द्या’ असे कोणीतरी म्हणताना हमखास ऐकू येते. दुकानदार एक पट्टी पुढे करतो, चिठ्ठी कोणी मागत नाही, आणि रक्त पातळ करण्याच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत हा प्रश्न तर क्वचितच विचारला जातो. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली असल्याने शेजारपाजारचे लोक अशा पट्ट्या मला दाखवायला आणतात. ही गोळी घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. ती सुरू करण्याआधी मुंग्यांचे कारण शोधावे, बी-१२ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करावी आणि गोळीची माहिती हृदयविकारतज्ज्ञांना द्यावी, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे लागते की अँजिओप्लास्टीत, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली धमनी आतून रुंद करताना, स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवल्यानंतर जाणवणारा प्रत्येक बधिरपणा जीवनसत्त्वाच्या अभावाने आलेला नसतो. आजकाल बहुतेक ठिकाणी मनगटातल्या धमनीतून नळी घातली जाते, काहींच्या बाबतीत जांघेतून. त्या जागी रक्त साकळले, सूज आली किंवा रक्तस्राव थांबवण्यासाठी दिलेला दाब जवळच्या मज्जातंतूवर पडला, तर अंगठ्याच्या मागच्या बाजूला अथवा मांडीच्या पुढच्या भागाला काही काळ बधिरपणा राहू शकतो. असे वारंवार घडत नाही, आणि घडले तरी नुसत्या दाबाने दुखावलेला तंतू बहुधा काही आठवड्यांत आपोआप पूर्ववत होतो. तंतूचा आतला धागाच तुटला असेल, तर तो दिवसाला साधारण एक मिलीमीटर या गतीने पुन्हा वाढतो, म्हणजे महिनाभरात जेमतेम तीन सेंटिमीटर. शरीरात बी-१२ पुरेसे असताना वरून कितीही गोळ्या घेतल्या तरी हा वेग वाढत असल्याचा भरवशाचा पुरावा माणसांवरील अभ्यासांत नाही. मात्र ज्या हातातून नळी घातली तो हात गार किंवा फिका पडू लागला, किंवा जांघेत गाठ वाढू लागली, तर औषधांच्या दुकानात न जाता त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. बोलताना अचानक जीभ अडखळणे किंवा शरीराची एक बाजू लुळी पडणे हा तर सरळ सरळ पक्षाघाताचा इशारा असतो.

दोन्ही पावलांना तळव्यांपासून सुरू होऊन हळूहळू वर सरकणाऱ्या, रात्री वाढणाऱ्या मुंग्यांची गोष्ट वेगळी आहे. स्टेंट बसवलेल्यांपैकी अनेकांना आधीपासून मधुमेह असतो आणि अशा मुंग्यांचे सर्वांत नेहमीचे कारण तोच असतो. अँजिओप्लास्टीनंतर रुग्णाचे स्वतःच्या शरीराकडे लक्ष जाऊ लागते आणि जुनेच दुखणे नव्या उपचाराच्या माथी मारले जाते. थायरॉइड, मद्यपान, मानेतली किंवा कमरेतली दाबली गेलेली शीर, अशी आणखीही कारणे असू शकतात. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी पोटऱ्या-मांड्या दुखतात तेव्हा दुखणारा असतो तो स्नायू, परंतु त्यावरही हीच गोळी खपवली जाते.

आता बी-१२विषयी. या जीवनसत्त्वाची उणीव आपल्या घरांत खरोखरच मोठ्या प्रमाणावर आढळते आणि तिने मज्जातंतूंची हानी होते, याबद्दल कोणतीही शंका नाही. ते वनस्पतीजन्य अन्नात जवळजवळ नसतेच. मोड आलेली मटकी, पालक, बदाम, खजूर यांत कितीही गुण असले तरी बी-१२ नाही, आणि साजूक तुपातही नाही. शाकाहारी माणसाला ते मिळते ते दूध, दही, ताक आणि पनीर यांतून. रोजची गरज सव्वादोन-अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास असते आणि मोठ्या पेलाभर दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम मिळते. इंदूरच्या मराठी घरांत अँजिओप्लास्टी झालेला माणूस परतला की पहिला घाव मात्र नेमका दुधा-दह्यावर पडतो, कारण ‘चरबी नको’ असे डॉक्टरांनी सांगितलेले असते. सकाळचे पोहे आणि त्यावरची शेव तशीच चालू राहते, जिलबीही सणावाराच्या निमित्ताने येते, आणि दही बंद होते! साय काढलेल्या दुधात बी-१२ पुरेपूर राहते. चरबी टाळायची तर सायीवर काट मारावी, दुधावर नव्हे.

याच्या जोडीला औषधे येतात. स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर अशी रक्त गोठू न देणारी दोन औषधे एकत्र दिली जातात, आणि त्यांनी जठराला इजा होऊ नये म्हणून पॅन्टोप्रेझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी सुरू असते. अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेले बी-१२ सुटे करण्यासाठी जठरातले आम्ल लागते. त्यामुळे ही गोळी दोन वर्षांहून अधिक काळ चालली की बी-१२ कमी होण्याची शक्यता वाढते. मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिनही बी-१२चे शोषण कमी करते. शाकाहार, वय, मेटफॉर्मिन आणि आम्लाची गोळी हे चारही एकाच माणसात जुळून आले म्हणजे त्याच्या तळव्यांच्या मुंग्यांकडे मी तरी दुर्लक्ष करणार नाही. यकृतातला बी-१२चा साठा काही वर्षे पुरतो, म्हणून ही उणीव स्टेंटनंतर आठवड्याभरात उद्भवत नाही, ती हळूहळू साठत आलेली असते. आम्लाची किंवा मेटफॉर्मिनची गोळी स्वतःहून बंद करणे हा मात्र यावरचा उपाय नव्हे. रक्त गोठू न देणाऱ्या दोन औषधांना तर हातही लावू नये. ती वेळेआधी थांबवल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन जिवावर बेतू शकते.

तपासणी साधी असते. रक्तातले बी-१२ दर मिलीलीटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर उणीव मानली जाते आणि २०० ते ३०० हा संशयाचा टप्पा धरला जातो. गोळी सुरू करण्याआधी रक्त द्यावे हे महत्त्वाचे, कारण दहा-बारा दिवस गोळ्या खाऊन तपासणीला गेलेल्या माणसाचा अहवाल उत्तम येतो आणि मूळ उणीव होती की नव्हती, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. उणीव निघाली, तर उपचार स्वस्त आणि गुणकारी आहे. रोज १००० मायक्रोग्रॅमची साधी बी-१२ची गोळी बहुतेकांना पुरते. एवढ्या मात्रेतला सुमारे एक टक्का भाग आम्ल नसतानाही आतड्यातून थेट शोषला जातो. ‘इंजेक्शनशिवाय गुण नाही’ या समजुतीपायी रक्त पातळ करणारी दोन औषधे चालू असताना स्नायूत सुई टोचून घेणाऱ्यांच्या दंडावर किंवा खुब्यावर काळेनिळे चट्टे उठतात, ते मग धास्तावतात. उणीव तीव्र असेल, चालताना तोल जात असेल, तेव्हा इंजेक्शन लागते. पण ते डॉक्टरांनी ठरवावे. अहवाल चांगला आला, तर भरलेल्या माठात आणखी पाणी ओतून काय मिळणार?

परंतु दुकानातून मिळते ती बहुधा साधी बी-१२ची गोळी नसतेच. तिच्यात मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२च्याच एका रूपाबरोबर अल्फा लिपोइक ॲसिड, फॉलिक ॲसिड, पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६, बेनफोटिअमिन म्हणजे बी-१चे एक रूप, कधी बायोटिन हे जीवनसत्त्व आणि कधी प्रेगाबॅलिनसारखे गुंगी आणणारे औषधही असते. एवढ्या सगळ्याची भेळ एका कवचात भरलेली पाहून रुग्णाला ती अधिक ‘ताकदीची’ वाटते. मला मात्र तिची धास्ती वाटते. बी-६ची रोजची गरज दोन मिलीग्रॅमच्या आसपास. ते फार मोठ्या मात्रेत घेतल्याने मज्जातंतूंचीच हानी होते, पाय बधिर होतात आणि चाल डळमळते, हे १९८३ सालीच वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. ते रुग्ण रोज दोन ते सहा ग्रॅम घेत होते. पुढे बऱ्याच कमी मात्रेतही असा त्रास झाल्याच्या नोंदी आल्या आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला १२ मिलीग्रॅमची कमाल मर्यादा सुचवली. नसांची गोळी, वरून बी-कॉम्प्लेक्स, शिवाय अमेरिकेतून मुलाने पाठवलेली मल्टिव्हिटॅमिनची मोठी बाटली अशी बेरीज करून पाहिली, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मुंग्या थांबाव्यात म्हणून घेतलेल्या औषधानेच मुंग्या वाढतात, आणि मग आणखी एक गोळी वाढते.

फॉलिक ॲसिडचे तर दोन प्रश्न आहेत. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड घेतले, तर त्या उणिवेमुळे आलेला रक्तक्षय (ॲनिमिया) सुधारतो, अहवाल बरा दिसू लागतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. दुसरा प्रश्न थेट स्टेंटशी निगडित आहे. फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ या तिघांनी रक्तातले होमोसिस्टीन (वाढल्यास धमन्यांच्या विकाराशी संबंध जोडले जाणारे एक अमिनो आम्ल) उतरते, म्हणून त्यांनी धमनी पुन्हा अरुंद होणे टळेल, अशी आशा एके काळी होती. २००१ मध्ये २०५ रुग्णांवरच्या एका स्विस अभ्यासात तसे दिसलेही. पण २००४ मध्ये स्टेंट बसवलेल्या ६३६ रुग्णांवरच्या युरोपीय अभ्यासात उलटे घडले: जीवनसत्त्वे घेणाऱ्यांपैकी ३४.५ टक्के रुग्णांचा स्टेंट पुन्हा अरुंद झाला, न घेणाऱ्यांपैकी २६.५ टक्के रुग्णांचा. स्त्रिया, मधुमेही आणि होमोसिस्टीन खूप वाढलेले रुग्ण यांच्यात हा अपाय दिसला नाही, आणि आजचे औषध लावलेले स्टेंट तेव्हाच्या साध्या स्टेंटपेक्षा पुष्कळ सुधारलेले आहेत, म्हणून या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि हृदयविकाराच्या झटक्यानंतर हेच मिश्रण ३,७४९ नॉर्वेजियन रुग्णांना देऊन केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हृदयाला कोणताच लाभ झाला नाही. हृदयासाठी म्हणून ही मिश्र गोळी घेण्याला त्यामुळे काही आधार उरत नाही.

बायोटिनची गोष्ट तर फारच थोड्या लोकांना ठाऊक असते. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत ते रोजच्या गरजेच्या शेकडो पट असते, आणि आता नसांच्या काही मिश्रणांतही दिसते. छातीत दुखू लागल्यावर हृदयाच्या स्नायूला इजा झाली की नाही हे ज्या ट्रोपोनिन तपासणीवरून कळते, तिच्या काही पद्धतींत जास्त बायोटिनमुळे आकडा खोटाच कमी येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला होता, आणि त्यात अशा चुकीच्या अहवालानंतर दगावलेल्या एका रुग्णाचा उल्लेख होता. स्टेंट असलेल्या माणसाला रात्री-अपरात्री हीच तपासणी करावी लागण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त, म्हणून बायोटिन चालू असेल तर ते आपत्कालीन कक्षातल्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा, लसणाचा आणि हळदीचा अर्क भरलेली कॅप्सूल, यांनी रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते. स्वयंपाकातल्या लसूण-हळदीला अर्थात कोणाची हरकत नाही. आठवड्याला एकदा घ्यायची ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी चुकून रोज घेणारे लोकही मी पाहिले आहेत. तिने रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंड आणि हृदयाची लय दोन्ही बिघडू शकतात.

शहरातल्या हृदयरुग्णालयांना माझी विनंती आहे की घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर ‘जीवनसत्त्वे व पूरक गोळ्या’ असा एक स्वतंत्र रकाना असावा आणि तो हिंदी किंवा मराठीत भरलेला असावा. तो कागद इंग्रजीत असतो आणि घरातले ज्येष्ठ तो पुण्या-बंगळुरूच्या मुलाला फोनवरून छायाचित्र पाठवून वाचून घेतात. मेटफॉर्मिन आणि आम्लाची गोळी दोन्ही दीर्घकाळ घेणाऱ्या शाकाहारी रुग्णाची बी-१२ तपासणी वर्षातून एकदा करावी, अशी सूचनाही त्यावर देता येईल. औषधविक्रेत्यांनी ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का’ एवढा प्रश्न जरी विचारला, तरी बरेच काही साधेल. रुग्णांनी पुढच्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या, परदेशातून आलेल्यांसह, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. नावे पाठ करण्याच्या भानगडीत पडू नये.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत ‘नसांना नवजीवन’ देणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती वरचेवर दिसतात. त्याच पानावर एखाद्या हृदयविकारतज्ज्ञाकडून आणि एखाद्या मेंदू व मज्जातंतुविकारतज्ज्ञाकडून या विषयावर वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे आपण छापावीत, अशी विनंती करतो.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त अध्यापक,
राजेंद्र नगर, इंदूर