दंड भरला की संपलं, असं नाही

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

दारू पिऊन गाडी चालवताना पुन्हा सापडलास, वर "बाबा, दंड भरला की संपलं," म्हणालास आणि फोन ठेवलास. मी तसाच उठून वकिलांकडे गेलो. तुझं नाव काढलं नाही, पण त्यांनी ओळखलं असणार.

संपलेलं नाही, बाळा. मागच्या वेळी कोर्टात गुन्हा कबूल करून तू दहा हजार भरलेस, तेव्हाच तू कागदोपत्री दोषी ठरलास. आता मोटार वाहन कायद्याचं तेच १८५ कलम दुसऱ्यांदा लागलंय. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,०००, किंवा दोन्हीही. शिवाय कलम २२ आहे. पुन्हा दोषी ठरलास तर कोर्टाला लायसन्स रद्दच करावं लागतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू निघाली की झालं. 'दोनच पेग घेतले होते', 'कुणाला लागलं नाही' हे तिथे चालत नाही.

गाडीची किल्ली आत्ता कुणाकडे आहे?

लहानपणी तू माझ्या एसटीत बॉनेटवर बसून यायचास. खंबाटकी चढताना मागची सगळी गाडी झोपलेली असायची आणि तू दर वळणाला माझ्याकडे बघायचास. माझा बिल्ला शर्टाला लावून गल्लीभर फिरायचास. पुढे तू स्वतःच्या पगारातून घरातली पहिली चारचाकी घेतलीस. आईला घेऊन गोंदवल्याला गेलास, तेव्हा मी मागे बसलो होतो. तुझा हात फार चांगला आहे. मी कधी बोललो नाही, डेपोत मात्र सगळ्यांना सांगितलं.

म्हणूनच भीती वाटते. हात चांगला आहे म्हणून तू किल्ली उचलतोस. २००६ साली बांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले. गाडी चालवणारा प्यायलेला होता, तुझ्याहून लहानच. सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा सुप्रीम कोर्टाने २०१२ साली कायम केली. ते सातजण दिवसभर राबून झोपले होते रे. तुझा नानाकाका मुंबईत पहिली दोन वर्षं असाच झोपायचा.

पुन्हा लेक्चर झालं, माफ कर. आई म्हणते, त्याला जेवलास का ते विचारा आधी. जेवलास का?

समन्सच्या तारखेला एकटा जाऊन घाईत 'कबूल' म्हणू नकोस. खोटं बोल असं मी सांगत नाही, आणि कुणाला पैसे चारायचे असतील तर माझ्याकडे येऊच नकोस. वकिलांना सगळं खरं सांगू. ते काय म्हणतात ते ऐकू आणि कोर्ट देईल ते सोसू. मी बरोबर उभा राहीन.

रविवारी ये. समन्स आणि मागच्या दंडाची पावती दोन्ही आण. किल्ली ताईकडे देऊन स्वारगेटहून एसटीने ये. ताईला मी सांगून ठेवलंय, ती विचारेल. तिच्यावर चिडू नकोस.

तुझा,
बाबा