जुळे सोलापुरातल्या टीव्हीवाल्या दादांना

दादा,

नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर रविवारीही तुम्हाला जेवायला उसंत मिळायची नाही.

होम थिएटर मी हौसेनं बसवलं आणि पुण्याला निघून आलो. आईच्या हाती राहिले चार रिमोट. म्हणून सगळ्यांचा मिळून एक युनिव्हर्सल रिमोट आणला. दोन दिवस बरा चालला, मग लाईट गेली. आली तेव्हा रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणारा डबा, आपोआप चालू, टीव्ही बंद. आईनं बटण दाबलं की टीव्ही लागायचा आणि रिसीव्हर झोपायचा. पुन्हा दाबलं की उलटं. "चित्र हाय, आवाज न्हाई," हा फोन मला रोज. विकणाऱ्यानं सरळ सांगितलं, रिसीव्हर बदला.

तुम्ही आलात ते आईच्या शेजारी बसलात आणि रिमोट तिलाच चालवायला लावलात. मी मध्ये बोलायला गेलो तर मला गप्प केलंत, तेही बरंच झालं. दोष रिसीव्हरचा नव्हताच. पॉवरच्या बटणातून एकच संदेश जातो: चालू असशील तर बंद हो, बंद असशील तर चालू हो. लाईट गेली की हा हिशेब चुकतो. 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे कोड रिसीव्हरला कळतात, पण त्याच्या मूळ रिमोटवर ते बटणच नाही, त्यामुळे मी कितीही शिकवलं तरी नवा रिमोट ते शिकणार कुठून? तुम्ही ते कोडच्या यादीतून शोधून घातलेत. रिसीव्हर जागा व्हायला काही सेकंद लागतात, म्हणून इनपुट बदलण्याआधी थोडं थांबायलाही लावलंत.

टीव्हीतलं सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलनं जोडलेली यंत्रं एकमेकांना चालू-बंद करतात ती सोय, मध्येच लुडबुड करत होतं, ते बंद केलंत. त्याबरोबर आमच्या टीव्हीचं एआरसीही गेलं, म्हणजे त्याच केबलनं टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे जायचा तो थांबला. मग आवाजासाठी ऑप्टिकल केबल ओढलीत. शोकेसच्या दाराआड टॉर्च मारून रिसीव्हरचा सेन्सर हुडकलात आणि त्यावर रिमोटचा इशारा दाराआड पोचवणारा आयआरचा (न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचा) बारका डोळा चिकटवलात.

आता रिमोटवर तुमच्या अक्षरातल्या तीन चिठ्ठ्या आहेत: बातम्या, सिनेमा, बंद. परवा दुपारी दोनदा लाईट गेली. संध्याकाळी आईचा फोन आला, पण तो ज्वारीच्या भावाबद्दल.

तुमचा टॉर्च शोकेसवरच राहिलाय. न्यायला या, पण जेवायच्या वेळेला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून देणार नाही, बसूनच खायची, असं आईनं बजावलंय.

तुमचा,
चार रिमोटवाला